शनिवारची अंडी

अंड्यावर पेन्सिलीनं तारीख लिहायची तर पोटावर लिहावी, बोथट टोकावर लिहू नये. बोथट टोकाशी आत हवेची पोकळी असते. अकराव्या दिवशी कवच तिथूनच उघडायचं असतं. तारीख तिथं लिहिली तर कात्रीच्या पहिल्याच घावाला तिचे तुकडे होतात. शाईनं तर मुळीच लिहू नये, ती कवचातून आत उतरते. वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मी जन्मभर टेक्निशियन होतो. त्यातली तीन-साडेतीन वर्षं अंडी उघडण्यात गेली, बाकीची रक्त-लघवी तपासण्यात. रक्त-लघवीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. साखर वाढली की वाढली.

अंड्यांचं मात्र लिहायला हवं. खरं तर फार आधी लिहायला हवं होतं, आणि दिवाळी अंकात तर नव्हेच, दुसऱ्याच एका ठिकाणी. ते कुठं, ते पुढं येईलच.

मेडिकल कॉलेजात अंड्यांचं काय काम, असं सगळे विचारायचे. नाचणगावच्या आमच्या भावकीनं तर मी मेसमध्ये लागलो असं ठरवूनच टाकलं होतं. सासरेबुवा चारचौघांत अभिमानानं सांगायचे, "आमचे जावई दवाखान्यात अंडे फोडते." मी दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं.

तुम्हाला मात्र सांगतो. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. आपल्या दंडाचं, मांडीचं, छातीचं मांस लांब लांब तंतूंचं असतं. पण हा तंतू पहिल्यापासून तंतू नसतो. आधी असतात सुट्या पेशी, दोन्ही टोकांना निमुळत्या. त्या नुसत्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. मग एक वेळ अशी येते की त्या वाढायचं थांबतात, रांगेत येतात, एकमेकींना चिकटतात. मधल्या भिंती विरतात आणि शंभर पेशींचा एक तंतू होतो. मायक्रोस्कोपखाली हे पाहिलं ना, तर माणूस जेवण विसरतो. काचेच्या डिशमध्ये चार-सहा दिवसांनी तो तंतू आपोआप फडफडायला लागतो. ना त्याला हाड, ना शरीर, ना डोकं, तरी फडफडतो.

आता या पेशींना सांगतं कोण, की बायांनो, वाढणं पुरे, जुळा? बाहेरून निरोप येतो. पण तो पेशीच्या दारापर्यंतच येतो, पुढं तो आत न्यावा लागतो. ते काम एन्झाइमचं. एक एन्झाइम जागं होतं आणि दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवतं. ते लागलं की दुसरं जागं होतं आणि तिसऱ्याला चिकटवतं. असा हातोहात निरोप पार आतपर्यंत पोचतो. फॉस्फेट चिकटवणाऱ्या या एन्झाइमला कायनेज म्हणतात. आमच्या थूल मॅडमचा सगळा प्रबंध एका प्रश्नावर होता: पेशी जुळायच्या आधी कायनेज भरात येतं, ते नेमकं किती तास आधी? किती आधी ते कळलं, तर निरोप नेणारं तेच की दुसरंच कुणी, हे कळणार होतं.

थूल मॅडम अल्लीपूरच्या. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या वावरात कामाला जायचे, आणि ही मुलगी नागपूरला शिकून एमएस्सीत पहिली आली. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्या आमच्याकडे लेक्चरर म्हणून आल्या. जागा तात्पुरती होती. तीन वर्षांत प्रबंध मान्य झाला तर कायम, नाही झाला तर घरी. हे सगळ्या विभागाला माहीत होतं आणि एक-दोघं तर बोटावर महिने मोजत होते. त्यांना मॅडमची खुर्ची पहिल्या दिवसापासून खुपत होती. का, ते आपल्या मुलखातल्या वाचकाला सांगायला नको.

मॅडम उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या. कॉलेजात शुद्ध बोलायच्या, पण काही मनासारखं झालं की अल्लीपूर बाहेर यायचं. "भोयरभाऊ, या न इकडे! पाहा, जुळून राह्यल्या!" असं ओरडायच्या, आणि शेजारच्या खोलीतले विद्यार्थी दचकायचे.

अंडी आणायच्या सकुमावशी. आमच्याच नाचणगावच्या. अंडी फळलेली हवीत, म्हणजे कोंबड्यांत कोंबडा हवा, आणि कोंबडा-कोंबड्यांची सरबराई ठेवावी ती सकुमावशींनीच. टोपलीत कुटार, म्हणजे भुसा, कुटारात अंडी, डोक्यावर टोपली, अशा त्या पुलगावला पॅसेंजरमध्ये बसायच्या आणि वर्ध्याला उतरून आमच्याकडे यायच्या. एकही अंडं तडकलेलं नसायचं. वार मात्र त्यांचा ठरलेला नव्हता. कधी सोमवार, कधी मंगळवार, कधी गुरुवार, कोंबड्यांची मर्जी. मॅडमना पाहून एकदा म्हणाल्या, "काऊन व बाई, एवढे अंडे घेतं, अन् अंगावर मूठभर मांस नाई? खातं कोन मग?"

"मावशी, मांस कसं तयार होते तेच पाहून राह्यली मी," मॅडम म्हणाल्या.

"त्याले पाहाचं काय? खाल्लं का होते!" मावशी म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, प्रबंधाच्या सुरुवातीला हेच लिहावं.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. फळलेलं अंडं खोलीत ठेवलं तर कोंबडी नसतानाही आतलं पिल्लू वाढायला लागतं. म्हणून मॅडमचा नियम होता: आलेलं अंडं त्याच दिवशी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबेच्या पेटीत, गेलंच पाहिजे. तो दिवस सोडून अकराव्या दिवशी ते उघडायचं. छातीचं मांस काढायचं, बारीक करायचं, ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमनं पेशी सुट्या करायच्या, गाळायच्या आणि डिशमध्ये सोडायच्या. त्या क्षणापासून घड्याळ सुरू. मग सहा-सहा तासांनी एकेक डिश उचलून बर्फात. त्या डिशांतलं कायनेज मॅडम मोजायच्या. मोजायचं ते किरणोत्सर्गी फॉस्फरस लावून, आणि तो मुंबईहून रेल्वेनं यायचा. वाटेत एक दिवस उशीर झाला तरी त्याचा जोर उतरायचा आणि मॅडमचं तोंडही.

या सगळ्याची नोंद एका लांबलचक रजिस्टरात. तारीख, अंडी किती, उघडण्याची वेळ, डिश किती. शेवटचा रकाना शेऱ्याचा. माझा रकाना कायम कोरा. मॅडमचा भरलेला. 'दोन तास वीज नव्हती.' 'माझ्या हातून एक डिश सांडली.' एरवी अंडी त्या स्वतःच उघडायच्या, पण महिन्यातून एखादे दिवशी म्हणायच्या, "भाऊ, आज तुम्ही उघडा, बाकीचं मी करते," आणि शेऱ्यात लिहायच्या, 'आज अंडी भोयर यांनी उघडली.' मला हसू यायचं. एवढ्याशा गोष्टीची काय नोंद? शनिवारी तर सगळं काम माझ्याच गळ्यात असायचं, कारण मॅडम सकाळच्या गाडीनं नागपूरला लायब्ररीत जायच्या.

आणि त्या शनिवारातच माझी माती झाली.

काम सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते. आमची वंदू चार वर्षांची. तिला घटसर्प झाला. आमच्याच दवाखान्यात ठेवली होती. श्वास घेताना तिच्या गळ्याचा जो आवाज यायचा, तो मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, पण मान हलवायला लागले होते. माझी बायको कुसुम खाटेच्या पायथ्याशी बसून होती. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "मी मारुतीले बोलली. पोरगी वाचली त शनवारी तुमच्या हातानं जीव जानार नाई."

"म्हणजे?"

"म्हनजे काय म्हनजे? रोज दोन-दोन डझन पिल्ले मारता तुम्ही. कोनाचे तरी लेकरंच हायेत न ते?"

वंदू वाचली. औषधानं वाचली हे मला कळत होतं, मी त्याच खात्यातला माणूस. पण नेम कबूल केला होता माझ्या नावानं, पोरीच्या जिवावर, आणि तो मोडायची माझी छाती नव्हती. तुमची झाली असती?

मंगळवारी ठेवलेली अंडी अकराव्या दिवशी, म्हणजे शनिवारी उघडायला येतात. नेमानंतर पहिल्यांदा तसं झालं, तेव्हा मी दोन दिवस विचार केला. मॅडमना सांगावं? मॅडम बौद्ध. यांच्या घरी छप्पन साली सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडलेले. यांना मारुतीचा शनिवार काय सांगायचा? हसतील. म्हणतील, भोयर, तुम्ही प्रयोगशाळेत काम करता की देवळात? हे सगळं मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी घातलं. त्यांना मात्र एका शब्दानं विचारलं नाही.

मग मी सोपा मार्ग काढला. शुक्रवारी पाच वाजता मॅडम गेल्या की सहाच्या सुमाराला मीच अंडी उघडायचो, पेशी डिशमध्ये सोडायचो, आणि रजिस्टरात लिहायचो शनिवार, सकाळी दहा. सोळा तासांचा तर फरक, काय होतंय! डिशा उचलायच्या त्या मात्र मी शनिवारच्या दहापासून मोजूनच उचलायचो, नोंदीशी जुळायला नकोत? रक्तातल्या साखरेला सोळा तासांनी काय फरक पडत होता? मी त्या हिशेबानं चाललो. पेशी जुळायला लागायच्या तासांवर अख्खा प्रबंध उभा आहे, हे मला सांगता येत होतं, पण डोक्यात शिरलेलं नव्हतं.

महिना-दीड महिन्यातून एखादा असा शनिवार यायचा. एका रविवारी सकाळी मॅडम मायक्रोस्कोपमधून पाहत होत्या आणि एकदम ओरडल्या, "भाऊ! अरे बाप्पा, ह्या त आत्ताच जुळाले लागल्या!" रजिस्टरप्रमाणे पेशींना डिशमध्ये पुरे चोवीस तासही झाले नव्हते. खरे झाले होते चाळीस. पुढच्या आठवड्यात कायनेज मोजलं तर तेही लवकर भरात आलेलं. एरवी छत्तीस तासांच्या आसपास, इथं विसालाच.

मॅडमनी आलेख काढला. एक टेकडी छत्तीसवर, दुसरी विसावर. मला जवळ बोलावून विचारलं, "या खेपेला काही वेगळं केलं होतं का, भाऊ? आठवून सांगा."

हाच तो क्षण होता. त्या रागावून विचारत नव्हत्या, त्यांचे डोळे लकाकत होते. मी म्हणालो, "नाही मॅडम. नेहमीसारखंच."

एकदा म्हटलं की मागे फिरता येत नाही. पुन्हा तसा शनिवार आला, पुन्हा टेकडी विसावर. चौथ्या वेळी मॅडमनी नवीन वही केली. त्यांना वाटलं, काही अंड्यांत असं काहीतरी आहे की ज्यानं पेशींना निरोप लवकर कळतो. ते काय, हे सापडलं तर दुबळ्या मांसाच्या लेकरांसाठी पुढं-मागं उपयोग होईल, असं त्या बोलायच्या. त्यांनी सकुमावशींच्या कोंबड्यांचा रंग लिहून घेतला. पाणी तपासलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, सरकी! नाचणगावला लागून पुलगाव, तिथं कापसाचं जिनिंग, इकडे-तिकडे सरकी सांडलेली, कोंबड्या ती टिपतात. सरकीतलं काहीतरी अंड्यात उतरत असेल. त्या नाचणगावला गेल्या, सकुमावशींच्या अंगणात बसून आठ कोंबड्यांना महिनाभर सरकी चारायची व्यवस्था केली. मावशी मला म्हणाल्या, "बाप्पू, बाई चांगली हाय रे. पन कोंबडीले एवढं कोनी विचारते काय?"

मी मान खाली घालून टोपली उचलली. सरकीच्या अंड्यांनी काहीच वेगळं दाखवलं नाही, पण दुसरी टेकडी मधूनमधून येतच राहिली, आणि मॅडमनी तिच्यावर प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण लिहिलं. कारण सापडलं नाही, पण घडतं हे नक्की, असं त्यात लिहिलं होतं. मला मॅडमचं हे खरं वागणंच जास्त टोचायचं. कारण सापडत नाही हेसुद्धा त्या लपवत नव्हत्या.

बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत तीन महिने करून पाहिलं होतं. पहिली टेकडी बरोबर आली. दुसरी एकदाही आली नाही. विभागात कुजबुज सुरू झाली. "आकडे बसवले असतील." हे तर मोठ्यानं म्हणायचे. हळू आवाजात आणखी जे म्हणायचे ते मी इथं लिहीत नाही. मी ते ऐकून घेतलं, चहा पीत, त्यांच्याच टेबलाशी बसून.

विभागप्रमुख सरांनी मॅडमना आणि मला खोलीत बोलावलं. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "भोयर, नोंदी तुमच्या हातच्या आहेत. तारीख, वेळ, सगळं बरोबर आहे? नीट विचार करून सांगा."

मी विचार केला. नोंदी खोट्या आहेत म्हटलं तर नोकरी जाईल. वंदू पहिलीत. कुसुमचा नेम सगळ्या कॉलेजात हसण्यावारी जाईल. एवढा विचार केला, पण शेजारी उभ्या असलेल्या बाईचं काय होईल, याचा काही केला नाही.

"बरोबर आहेत सर," मी म्हणालो.

सरांनी रजिस्टर मिटलं. नोंदी बरोबर, म्हणजे चूक उरली ती मोजण्यात. आणि मोजणाऱ्या मॅडम. हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण खोलीत तिघांनाही कळलं.

बाहेर व्हरांड्यात मॅडम थांबल्या. मला वाटलं, आता विचारतील. त्या म्हणाल्या, "भोयरभाऊ, एवढ्या लोकांत तुम्ही एकटेच माह्या बाजूनं उभे राह्यले. मी विसरनार नाई." आणि माझ्यासमोर त्यांनी हात जोडले. मला त्या दिवशी भूमीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी नुसता "असू द्या मॅडम" म्हणालो. हलकट माणूस!

मुदत संपली, जागा गेली. मॅडम हिंगणघाटकडे एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या. प्रबंध पुन्हा पाठवला नाही. इन्क्युबेटरमध्ये आम्ही पुढं काचसामान वाळवायला ठेवायचो. सकुमावशी दोनदा टोपली घेऊन आल्या, परत गेल्या. मला बढती मिळाली, आणि नव्या मुलांना रजिस्टर कसं भरावं हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी फार चांगलं शिकवायचो. सगळे तसं म्हणत.

अकरा वर्षं गेली. वंदू कॉलेजात जायला लागली होती. एक दिवस जुनी कपाटं रिकामी करताना ते रजिस्टर हातात आलं. रद्दीत जाणार होतं. मी पिशवीत घालून घरी आणलं. कुसुमला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "मी शनवार बोलली होती. खोटं लिहा असं कधी बोलली होती? जा. तिच्या पायावर घाला ते."

मी हिंगणघाटची बस धरली.

मॅडमच्या घराबाहेर शाळेच्या वह्यांचे गठ्ठे होते. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "भोयरभाऊ! या, बसा. वंदू कशी हाय?" वंदूचं नाव त्यांना आठवत होतं. घटसर्पाच्या वेळी त्यांनी वॉर्डात दोन फेऱ्या मारल्या होत्या, हे मी विसरलो होतो.

पाणीसुद्धा न पिता मी सांगितलं. सलग सांगितलं, वंदूपासून सरांच्या खोलीपर्यंत. संपल्यावर रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिलो.

त्या म्हणाल्या, "मंगळवारची अंडी."

"हो मॅडम."

"मंगळवारी अंडी लावलीच नसती, भाऊ. मावशीले सांगतलं असतं, मंगळवार सोडून ये. एवढंच होतं." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला सोसेना. "मले काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "वाटलं, तुम्ही हसाल."

"हसली असती?" त्यांनी रजिस्टर ओढलं, पानं उलटली आणि एका शेऱ्यावर बोट ठेवलं. 'आज अंडी भोयर यांनी उघडली.' मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. "हे दिवस पाहा. सगळ्या पौर्णिमा आहेत. आमच्या घरी पौर्णिमेले माय मासोळी चिरू देत नव्हती. मीबी त्या दिवशी अंड्याले हात लावत नव्हती. म्हणून तुमच्यावर सोडत होती, अन् सोडलं ते लिहून ठेवत होती. माहं लिहिलेलं तुम्ही रोज पाहत होते न, भाऊ?"

पाहत होतो. वाचत नव्हतो. मी त्या बाईला परकं धरलं आणि त्या परकेपणात तिची नोकरी घालवली. याला दुसरं नाव मला सापडत नाही.

मॅडम आत गेल्या आणि एक जुनी वही घेऊन आल्या. आलेखाची. दोन टेकड्या तशाच होत्या. त्यांनी माझ्यासमोर पेन ठेवलं. "लिहा," म्हणाल्या.

मी एकेक पान शोधून शेऱ्याच्या कोऱ्या रकान्यात लिहीत गेलो. 'शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता उघडली. भोयर.' सतरा ठिकाणी लिहिलं. अक्षर कुठं कुठं बिघडलं. मी एक लिहायचो, त्या पट्टी लावून सोळा तास पुढं मोजायच्या आणि पेन्सिलीनं नवा ठिपका द्यायच्या. शाळेतली दोन मुलं वह्या न्यायला आली, त्यांना त्यांनी हातानंच थांबायची खूण केली.

सतरावा ठिपका दिला आणि मॅडमनी वही थोडी लांब धरली. दुसरी टेकडी उरली नव्हती. तिचे सगळे ठिपके सरकून पहिल्या टेकडीवर येऊन बसले होते. एखादा केसभर खाली, एखादा केसभर वर, पण बसले होते. कुणी इतकं नेमकं मोजलं असेल, असं मी जन्मात पाहिलं नाही.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं," मॅडम म्हणाल्या. मला नाही, त्या कागदाला. पुन्हा एकदा म्हणाल्या, "मी बरोबरच मोजलं होतं."

"बरोबर होतं मॅडम," मी म्हणालो. सरांच्या खोलीत मला विचारलं होतं तेव्हा सांगायचं होतं ते हे. त्यांनी वही मिटली, डोळे पुसले आणि दारात थांबलेल्या मुलांना वह्या द्यायला उठल्या.